प्रत्यय ओळखा, शब्द बनवू नका: रशियन नामांविषयी प्रश्नोत्तरे

रशियन शिकणाऱ्या वाचकांकडून, त्यातही एमबीबीएससाठी रशियाला निघालेल्या विद्यार्थ्यांकडून, नामप्रत्ययांबद्दल त्याच त्या शंका येत आहेत. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न: ‘-स्त्वो’ हा प्रत्यय संस्कृत ‘-त्व’वरून घेतला, असा मेसेज फिरतोय. खरं का?

नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत, पण रशियन संस्कृतातून निघालेली नाही. असे मेसेज पुढे पाठवू नका. लक्षात ठेवायचं तर एवढंच ठेवा की ब्रात्स्त्वो हे आपल्या ‘बंधुत्व’सारखंच नपुंसकलिंगी आहे, आणि -स्त्वो लागलेली बाकीची नामंही तशीच.

प्रश्न: शेवटी मऊ-चिन्ह (ь, आधीच्या व्यंजनाचा उच्चार मऊ करणारं अक्षर) असलेलं नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

आधी प्रत्यय पाहा. ‘-तेल्’ असेल तर पुल्लिंगी: उचीतेल् (शिक्षक), तृतीयेत उचीतेलेम. ‘-ओस्त्’ असेल तर स्त्रीलिंगी: नोवस्त् (बातमी), तृतीयेत नोवस्त्यू. गोस्त् (पाहुणा) मात्र फसवतो. तिथे ‘ओस्त्’ हा प्रत्यय नसून मूळ शब्दाचाच भाग आहे, म्हणून तो पुल्लिंगी. देन् (दिवस) पुल्लिंगी आणि द्वेर् (दार) स्त्रीलिंगी, अशा प्रत्यय नसलेल्या शब्दांचं लिंग कोशातच बघावं लागतं.

प्रश्न: क्रियापदाला ‘-तेल्’ लावला की ‘करणारा’ तयार होतो ना?

दरवेळी होत नाही. चितात् (वाचणे) वरून चितातेल् (वाचक) होतो हे खरं. पण रबोतात् (काम करणे) वरून होतो रबोत्निक, पेत् (गाणे) वरून पेवेत्स आणि बेगात् (धावणे) वरून बेगून. कुठल्या क्रियापदाला कुठला प्रत्यय लागेल हे वापरानं ठरलेलं आहे, तिथे तर्क चालत नाही. शिवाय ‘-तेल्’ म्हणजे माणूसच असंही नाही: द्वीगातेल् म्हणजे इंजिन, विक्लुचातेल् म्हणजे दिव्याचं बटण. समोर आलेला शब्द उलगडायला प्रत्यय उपयोगी पडतो. स्वतः शब्द जुळवलात तर तो शिक्षकांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न: लिहिताना ‘-चिक’ कधी आणि ‘-श्चिक’ कधी?

आधीचा वर्ण द, त, ज़, स किंवा झ असेल तर ‘-चिक’: पेरेवोद्चिक (अनुवादक), ग्रूज़्चिक (हमाल). एरवी ‘-श्चिक’: कामेन्श्चिक (गवंडी). मुळाच्या शेवटी क, त्स किंवा च असेल तर ‘-चिक’पुढे त्याचा त होतो: रज़्दाचा (वाटप) वरून रज़्दात्चिक.

प्रश्न: ‘-का’ लागलं की वस्तू लहान होते का?

नेहमी नाही. रूच्का म्हणजे चिमुकला हात, तसंच पेन आणि दाराची मूठही. संदर्भ बघा.

प्रश्न: मुलगी डॉक्टर होणार आहे. शिवाय फॉर्मवर ती ‘भारतीय’ असं लिहायचंय. पुल्लिंगी शब्दाला ‘-का’ लावू का?

लावू नका. सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथेच, म्हणून सविस्तर सांगतो. डॉक्टर म्हणजे व्राच, बाईसाठीही व्राचच. बाई असल्याचं क्रियापदातून कळतं: ‘व्राच प्रिश्ला’, डॉक्टर आल्या. विशेषण मात्र पुल्लिंगी ठेवा: ‘खरोशी व्राच’. व्राचिखा हा शब्द ऐकू येतो, पण त्यात हेटाळणी आहे, कागदावर तर नकोच. ‘-शा’चंही तसंच. गिनिराल्शा म्हणजे मुळात सेनापतीची बायको, सेनापती असलेली बाई नव्हे.

स्तुदेन्त्का आणि झुर्नालिस्त्का बिनधास्त वापरा. त्यांच्या मूळ शब्दांत आघात (उच्चारातला जोर) शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून ‘-का’ सहज बसतो. आव्तर (लेखक) मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून आव्तर्का अनेक रशियनांना खटकतो आणि त्यावर वाद चालू आहे. शिक्षिकेला उचीतेल्नित्सा म्हणतात. चेक भाषेतलं उचीतेल्का पाहून कुणी रशियनमध्ये उचील्का म्हणेल, तर ती शाळकरी पोरांची उद्धट बोली झाली. एका स्लाव्ह भाषेतला प्रत्यय दुसरीत तसाच उचलता येत नाही.

आता ‘भारतीय’. पुरुष इंदीयेत्स, बाई इंदियान्का. इंदेयेत्स म्हणजे अमेरिकेतला आदिवासी, आणि इंदेय्का म्हणजे टर्की पक्षी! अंदाजानं ‘-का’ लावून मुलीच्या अर्जावर पक्ष्याचं नाव जायला एका अक्षराची चूक पुरते. नागरिकत्वाच्या रकान्यात सहसा देशाचं नाव, इंदिया, एवढंच लिहितात. तरी तुमचा फॉर्म प्रमाणित अनुवादकाकडून तपासून घ्या, आणि तो मुदतीच्या आदल्या रात्री नेऊ नका.

प्रश्न: ‘तीस दिवसांत पाचशे प्रत्यय’ असा पैसे भरून मिळणारा तक्ता घेऊ का?

नको. अशा तक्त्यात ‘-निक’समोर ‘माणूस’ असं लिहून मोकळे होतात. मग चाय्निक (किटली) आणि खलदील्निक (फ्रिज) यांचं काय करायचं? त्यापेक्षा रशियन भाषाशास्त्रज्ञ ज़लिज़्न्याक यांचा १९७७ साली निघालेला व्याकरणकोश ग्रंथालयात बघा. त्यात सुमारे एक लाख शब्द शेवटच्या अक्षराकडून लावलेले आहेत, त्यामुळे ‘-ओस्त्’वाले सगळे एकाच ठिकाणी सापडतात आणि प्रत्येकाचं लिंग, रूपं आणि आघातही कळतो. त्यातल्या खुणा आणि आकडे सुरुवातीला समजत नाहीत, ते एकदा शिक्षकांसोबत बसून समजून घ्या.