मुलं कमी झाली की देश श्रीमंत होतो, की श्रीमंती आली की मुलं कमी होतात?

पुण्यातली गर्दी म्हणजे मुलं फार होत असल्याचा पुरावा, असं धरून बरेच जण हा प्रश्न विचारतात, म्हणून आधी तेच. 2001 ते 2011 मध्ये पुणे जिल्हा 72 लाखांवरून 94 लाखांवर गेला. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. ही गर्दी बरीचशी कामधंद्यासाठी आलेल्यांची आहे, पाळण्यांची नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर बाईमागे 1.7 मुलं इतकाच निघाला. पिढीची जागा भरून निघायला 2.1 लागतात.

आधी काय, नंतर काय? 1992-93 मध्ये केरळात हा दर 2.0 होता आणि महाराष्ट्रात 2.9, दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र पुढे असूनही. मुली शाळेत टिकल्या, लग्नं लांबली, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली की पाळणा थांबतो. त्यासाठी श्रीमंतीची वाट बघावी लागत नाही.

आता पैशाचं. समजा एखाद्या देशाचं उत्पन्न वर्षाला 6 टक्के वाढतंय आणि माणसं 2 टक्के, तर दरडोई वाढ साधारण 4 टक्के. किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज 70 ला वाढीच्या टक्क्याने भागून येतो. 70 ला 4 ने भागा: दरडोई उत्पन्न दुप्पट व्हायला साडेसतरा वर्षं. माणसांची वाढ 1 टक्क्यावर आणलीत तर दरडोई वाढ 5 टक्के, म्हणजे 14 वर्षं. वाचली साडेतीन वर्षं, एवढंच! खरी कमाई असते खाणारी तोंडं आणि कमावते हात यांच्या प्रमाणात. नवरा-बायको, चार मुलं, आजी-आजोबा अशा घरात 40,000 आले तर माणशी 5,000; मुलं दोनच असतील तर साडेसहा हजारांच्या वर. पण हीच मुलं मोठी होऊन बेकार राहिली तर हिशोब उलटतो. आणि प्रजनन दर फारच घसरला तर पुढे म्हातारे जास्त, कमावते कमी. दक्षिण कोरिया 2023 मध्ये 0.72 वर होता.

आपल्या जिल्ह्याचं हे खाणाऱ्या-कमावत्यांचं प्रमाण काढायचं तर जनगणनेतला वयोगटांचा तक्ता घ्या. 0 ते 14 आणि 60 च्या पुढचे यांची बेरीज करा, तिला 15 ते 59 वाल्यांच्या संख्येने भागा, 100 ने गुणा. आकडा जितका लहान तितका कमावत्यांवरचा भार हलका. फक्त पुण्याचा आकडा बघून हुरळू नका. कमावता मुलगा इथे मोजला जातो, त्याचे आई-वडील गावाकडच्या रकान्यात.