मिंटवर गेमिंगसाठी रेडिऑन की आरटीएक्स: देवगडची वीज आणि खारं वारं धरून

तुमची मशीन आय5-10400, 16 जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स 1050 टीआय कार्ड, लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टम, मॉनिटर 1080पी. कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवून बसवला, चालला, आणि कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी. आता नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, एनव्हिडियाचं आरटीएक्स की एएमडीचं रेडिऑन, असा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे, रेडिऑन घ्या. पण आधी काळ्या स्क्रीनचं बोलू, कारण निवडीचं कारण तिच्यातच आहे.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, कर्नलच्या बाहेरून येतं आणि ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्यावरच चालतं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घेतलं की नव्या कर्नलबरोबर त्याचं मॉड्यूलही येतं किंवा बांधलं जातं. साइटवरची रन फाइल (ड्रायव्हरचा इन्स्टॉलर) हाताने बसवताना डीकेएमएसला, म्हणजे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या सोयीला, नाही म्हटलं असेल, तर ते काम कोणीच करत नाही. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब, म्हणजे सुरुवातीचा मेनू, आणा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा, आत आल्यावर तीच रन फाइल अनइन्स्टॉल पर्याय लावून चालवा. 1050 टीआय अजून काही दिवस वापरायचं असेल तर मग ड्रायव्हर मॅनेजरमधून बसवा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन दहाच सेकंद थांबते. लक्ष नसताना निघून गेली तर कर्नल ते मॉड्यूल घेतच नाही, आणि लोक कार्डाला दोष देत बसतात. पास्कल पिढीच्या या कार्डाला 580 ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, तेव्हा त्याच्यावर आता फार वेळ घालवू नका.

रेडिऑनचं मॉड्यूल, एएमडीजीपीयू, कर्नलच्या आतच असतं. वरचा, खेळांशी बोलणारा भाग म्हणजे मेसा, तो मिंटच्या नेहमीच्या अपडेटमधून येतो. साइटवरून काहीही उतरवायचं नाही. आपल्याकडे याचं मोल जास्त आहे. वळवाच्या पावसात अपडेट चालू असताना लाइट गेली, तर बाहेरचं मॉड्यूल अर्धवट बांधलेलं राहू शकतं आणि डेस्कटॉपच येत नाही. रेडिऑनला बांधकामाचा तो टप्पाच नाही. पॅकेजेस अर्धवट राहिलीच, तर ग्रबच्या रिकव्हरी मेनूत 'डीपीकेजी' निवडा, तो ती पुरी करतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आणखी एक: स्टीम (खेळांचं दुकान) फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून घेतलं असेल तर एनव्हिडियाच्या प्रत्येक ड्रायव्हर अपडेटमागे त्याला जुळणारा काही शे एमबीचा तुकडा फ्लॅटपॅक वेगळा उतरवतं.

आता नेमकं कुठलं. बजेट बसत असेल तर आरएक्स 9060 एक्सटी, आणि तेही 16 जीबीचंच. नसेल तर आरएक्स 6600, 8 जीबी. पहिलं 160 वॉट खातं, दुसरं 132. 9060 एक्सटीची एक अट आहे: मिंट 22 च्या मूळ 6.8 कर्नलला ते कार्ड ओळखता येत नाही. जुनं कार्ड मशीनमध्ये असतानाच अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'लिनक्स कर्नल्स' उघडून 6.14 किंवा पुढचा बसवा आणि बाकीची अपडेट्सही घ्या, म्हणजे मेसा 25 येतो. 6600 ला यातलं काहीच लागत नाही.

6500 एक्सटी स्वस्त दिसलं तरी नको. त्याला पीसीआयच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत आणि तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्या पीसीआयचा, त्यात 4 जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. इंटेल आर्क कार्डाला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) लागतो, दहाव्या पिढीच्या सगळ्या बोर्डांवर तो मिळेलच असं नाही. आरटीएक्स घ्यायला एक खरं कारण आहे: ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा कूडा (एनव्हिडियाची कार्डावर गणित करायची प्रणाली) लागणारं काम. मग घ्या, पण 50 मालिकेतलं असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये नावात 'ओपन' असलेलाच निवडा. दुसरा ते कार्ड चालवत नाही. व्हॅलोरंट या खेळासाठी खर्च करत असाल तर थांबा, त्याचं अँटीचीट (फसवणूक रोखणारा भाग) लिनक्सवर चालतच नाही, कार्ड कुठलंही असो.

कार्ड बदलल्यावर डेस्कटॉप आला नाही तर ईटीसीच्या एक्स11 फोल्डरमधली झॉर्ग डॉट कॉन्फ फाइल बघा. तिच्यात ड्रायव्हर म्हणून एनव्हिडिया लिहिलेलं राहिलं असेल तर फाइलचं नाव बदला. मग 'सिस्टम रिपोर्ट्स'मध्ये रेंडरर, म्हणजे चित्र कोण काढतंय ते, वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्ड काम करत नाहीये, सगळं प्रोसेसर ओढतोय.

आता वीज. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) असेल तर स्टिकरवरचा 12 व्होल्टचा रकाना वाचा. तिथे 30 अँपिअर नसतील तर आधी चांगला 450 किंवा 550 वॉटचा घ्या, कार्ड नंतर. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो, खेळ चालू असताना तो काठावर असतो. मी 1000 व्हीएच्या आसपासचा सुचवेन.

अर्थिंगकडे तर कोणी बघतच नाही. जांभ्यात खड्डा केलेला असतो, एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर खड्ड्यात मीठ-कोळसा भरून घ्या आणि उन्हाळाभर पाणी घालत राहा. विजा चमकू लागल्या की स्विच बंद करण्यावर भागवू नका, प्लग काढा आणि ब्रॉडबँडची वायरसुद्धा.

किनाऱ्यावर वापरलेलं सेकंडहँड कार्ड घेत असाल तर आधी मागची पट्टी आणि तिचे स्क्रू बघा. तिथे गंज असेल तर आतल्या फिनवर (उष्णता सोडणाऱ्या पात्यांवर) पांढरी भुकटी असू शकते. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग दिसला तर सौदा सोडा. आपलं कार्ड पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, उबेने ओल धरत नाही. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. साधा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरतो, हवा मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा.