४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का?

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला मी १०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले, पण एकानेही निःशेष भाग जात नाही. ती मूळ संख्या समजावी का? नसल्यास, हजारो भागाकार न करता ते कसे ओळखावे?

उत्तर : तुमचे भागाकार बरोबर आहेत, मात्र तुम्ही फार लवकर थांबलात. मूळ ठरवण्यासाठी वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्या तपासाव्या लागतात. येथे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे येते आणि तेथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत.

या संख्येने पिएर द फर्मा यांनाही चकवले होते. ती २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येते. २ च्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या घातांत १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या मिळतात, म्हणून पुढचीही मूळच असेल असे त्यांना वाटले. १७३२ साली लिओनहार्ड ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले : ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. पण या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे ऑयलर यांनीच पुढे सिद्ध केले. ही चाळणी लावली की १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्यानंतर पाचवाच क्रमांक ६४१ चा लागतो.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पटवता येते, आणि मला ही रीत अधिक देखणी वाटते. ६४१ ने भागल्यावर ६४० ची बाकी −१ मानता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १ येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. म्हणून तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्याने त्याच्या जागी −१६, म्हणजे उणे (२ चा चौथा घात), ठेवता येतो. तेव्हा उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १, म्हणजेच २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ होते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा स्वतः मूळ आहे.

जाता जाता, तुमच्या संख्येतून २ वजा करून पाहा. येणारी ४,२९,४९,६७,२९५ ही वरच्या पाच मूळ संख्यांचा नेमका गुणाकार आहे, आणि तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपासने काढता येते, हे गाउस यांच्या सिद्धांतावरून निघते. कागदावर ती वर्तुळाहून वेगळी दिसणार नाही, हा भाग अलाहिदा.