वाचकांचे प्रश्न : सौर सेलखालची काच किती खडबडीत असावी?

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही काचेवर ॲल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचा (वीज वाहणारा पारदर्शक) थर देतो, तो ॲसिडमध्ये एच करतो (म्हणजे थोडा विरघळवून खडबडीत करतो) आणि त्यावर अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचे सेल बनवतो. एचिंग वाढवलं की करंट वाढतो, पण व्होल्टेज आणि फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला किती भाग प्रत्यक्ष पॉवर म्हणून मिळतो ते) पडतात. आरएमएस खडबडीतपणा (पृष्ठभागाच्या चढउतारांची एक सरासरी) नक्की किती ठेवायचा?
— एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : आरएमएसच्या आकड्यामागे लागू नका, खाचांचा आकार बघा. दोन काचांचा आरएमएस अगदी सारखा, समजा १०० नॅनोमीटर, असू शकतो; पण एकीवर रुंद, गोलसर तळाचे खळगे असतात आणि दुसरीवर अरुंद, टोकदार खाचा. पहिलीवर चांगला सेल होईल, दुसरीवर होणार नाही.

करंट वाढतो तो प्रकाश विखुरल्यामुळे. अमॉर्फस सिलिकॉनचा थर जेमतेम ३०० नॅनोमीटर जाड असतो. लाल प्रकाश एका फेरीत त्यात पुरता शोषला जात नाही. खडबडीत पृष्ठभागावरून तो तिरका शिरतो आणि मागच्या धातूवरून परतून पुन्हा थरातून जातो. थर जाड करणं हा सोपा उपाय वाटेल, पण तो टाळा. प्रकाशात सेल उतरत जाण्याचा जो परिणाम स्टेब्लर आणि व्रोन्स्की या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवला, तो जाड थरात जास्त जाचतो.

व्होल्टेज पडतं ते थराच्या वाढीमुळे. सिलिकॉन त्या-त्या जागच्या उताराला काटकोनात वाढतं. टोकदार खाचेच्या दोन भिंतींवरून निघालेले थर मध्ये एकमेकांवर आदळतात, तिथे नीट जुळत नाहीत आणि सच्छिद्र फट राहते. ही फट म्हणजे सेलला समांतर जोडलेला एक खराब डायोडच. मायक्रोक्रिस्टलाइन (बारीक स्फटिकांच्या) सिलिकॉनला हा त्रास आणखी जास्त होतो.

आता कृती. ०.५ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा : ३७ टक्क्यांचं सुमारे ११.४ मिली ॲसिड पाण्यात ओतून (पाणी ॲसिडमध्ये कधीही ओतू नका) एकूण एक लिटर करा. साधारण ८०० नॅनोमीटर थरासाठी ३० सेकंदांपासून सुरुवात करून दहा-दहा सेकंदांनी वाढवा. द्रावणाचं तापमान मोजून लिहून ठेवा. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत तेवढ्याच वेळात जास्त थर खाल्ला जातो. लगेच डीआयोनाइझ्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात धुवा, नायट्रोजनने सुकवा आणि फोर-प्रोबने (चार टोकांच्या मोजणी-साधनाने) शीट रेझिस्टन्स, म्हणजे थराचा विजेला होणारा विरोध, बघा. तो १० ओमच्या वर गेला तर फिल फॅक्टर त्यानेही पडेल आणि दोष उगाच खडबडीतपणावर जाईल. मोठ्या खळग्यांऐवजी बारीक, दाट खाचा येत असतील तर ॲसिडला दोष देऊ नका. थर स्पटर करतानाच (निर्वात चेंबरमध्ये काचेवर बसवतानाच) विरळ झालाय. काचेचं तापमान वाढवून किंवा चेंबरचा दाब कमी करून बघा.

एएफएमने (सूक्ष्म टिप फिरवून पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या यंत्राने) १० × १० मायक्रॉनचे किमान तीन स्कॅन घ्या आणि उतारांच्या कोनांचा आलेख काढा. इथे फसगत होते ती बोथट टिपमुळे : ती खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही आणि खाच आहे त्यापेक्षा उथळ दाखवते. शंका आली तर सेल तोडून काप एसइएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा.

एक तपासणी मात्र चुकवू नका. एकाच काचेवर ५ मिमीचे बरेच छोटे सेल बनवा. काही चांगले आणि काही मेलेले निघाले, तर पिनहोल (थरातली बारीक भोकं) किंवा धूळ आहे; सगळ्यांचं व्होल्टेज सारखंच उतरलं असेल, तर खाचांमधल्या फटी. मंद प्रकाशात व्होल्टेज एकदम कोसळलं तर शंट (करंट गळणारी आडवाट) समजा.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर बनवलेल्या आमच्या सेलपैकी निम्मे शॉर्ट निघतात. आरएमएस तर कमी आहे.
— एक अभियंता, रबाळे

उत्तर : आरएमएस ही सरासरी आहे, शॉर्ट करायला एक सुळका पुरतो. रोलिंगचे ओरखडे आणि चिकटलेले कण ३०० नॅनोमीटरच्या थरातून सहज वर येतात. स्कॅनमधली सर्वांत मोठी उंची बघा, आरएमएस नंतर. पत्रा इलेक्ट्रोपॉलिश करून घ्या, किंवा काही मायक्रॉनचा इन्सुलेटिंग थर देऊन सपाट करा आणि प्रकाश विखुरण्यासाठी लागणारा खडबडीतपणा वरच्या चांदीच्या थरात आणा. चांदीवर सुमारे १०० नॅनोमीटर झिंक ऑक्साइड हवाच. उरलेले बारीक शॉर्ट उलट व्होल्टेज देऊन काढता येतात, पण ते हळूहळू वाढवा.

प्रश्न : एच केलेल्या काचा पावसाळ्यात कपाटात ठेवल्या तर चालतील का?
— प्रयोगशाळा सहायक, ठाणे

उत्तर : नाही. झिंक ऑक्साइड कणांच्या सीमांवर ओल धरतं आणि रेझिस्टन्स चढतो. डेसिकेटरमध्ये ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की ते भाजून घ्या. वापरण्याआधी रेझिस्टन्स पुन्हा मोजा. चढला असेल तर व्हॅक्यूममध्ये १५० अंशांवर तापवून बराचसा परत येतो. पाण्याच्या थेंबाचे गोल डाग पडलेली काच मात्र सेलसाठी घेऊ नका.