धुळ्यात बसून त्सुनामी आणि समुद्राच्या लाटांचं मॉडेलिंग शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष आहे, त्सुनामी आणि किनाऱ्यावरच्या लाटांचं मॉडेलिंग शिकायचंय, पण घरचे म्हणतात "आठे कोठे समुंदर शे", तर धुळ्यात राहून सुरुवात करता येईल का, त्यात नेमकं करतात काय, आणि साधा लॅपटॉप पुरेल का.

ताई, नक्की करता येईल. मी भडगाव तालुक्यातला, समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि आता पुण्यात राहून बंदरं आणि किनाऱ्यांच्या लाटांचीच मॉडेलं करतो. त्सुनामी समजायला मला सगळ्यात जास्त कामी आलं ते गिरणा नदीच्या पाटाचं पाणी, म्हणून आधी तेच सांगतो.

आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडलं, की वडील मला रात्री बॅटरी घेऊन चारीवर, शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटावर, पाठवायचे. पाणी आधी दिसत नाही, ऐकू येतं, कोणीतरी वाळलेला पालापाचोळा ओढत आणतंय असा आवाज. मग बॅटरीच्या उजेडात फेसाची एक ओळ दिसते, जेमतेम वीतभर उंच, पुढे काड्या, कपाशीची वाळकी बोंडं, पुड्यांचे कागद ढकलत येणारी. मी ओरडायचो "उनं रे पाणी" आणि ती ओळ पायाशी आली की वाटायचं एवढंच का. पण मागून पाणी चढतच राहतं, आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा, आणि थांबत नाही कारण त्याच्या मागे अख्खा कालवा असतो. त्सुनामी बऱ्याच किनाऱ्यांवर अशीच येते. चित्रात दाखवतात तशी वळलेली भिंत नाही, तर चढत जाणारं, मिनिटामागून मिनिटं आत येत राहणारं पाणी. म्हणून दोन मीटरची त्सुनामी आणि दोन मीटरची पावसाळ्यातली लाट यांची तुलनाच करू नका, वाऱ्याची लाट पाच ते वीस सेकंदांत येऊन जाते, त्सुनामीची एक लाट दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालते.

आता यातला फिजिक्सचा भाग. लाटेची लांबी पाण्याच्या खोलीच्या वीसपटीहून जास्त असेल तर त्या लाटेसाठी ते पाणी "उथळ" धरतात, आणि तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो, खोलीला ९.८ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. ४००० मीटर खोल समुद्रात हा वेग सेकंदाला साधारण १९८ मीटर येतो, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. वीस मिनिटांची लाट असेल तर तिथे तिची लांबी सुमारे २४० किलोमीटर, आणि त्याच्यापुढे ४ किलोमीटरची खोली म्हणजे साठावा हिस्सा. चार किलोमीटर खोल पाणी उथळ, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होतो. म्हणजे पाट, तापीचा पूर आणि हिंदी महासागरातली त्सुनामी, तिघांचं मूळ गणित एकच आहे, उथळ पाण्याची समीकरणं. पाट आणि पुरात तळाचं घर्षण पहिल्यापासून मोठं असतं, त्सुनामीत ते किनाऱ्याजवळ येऊन जोर धरतं.

हे तुम्ही स्वतः मोजू शकता. एखाद्या चारीत अर्धा मीटर पाणी वाहत असताना गेट झटकन खाली केलं की पाणी अडून फुगवटा येतो आणि तो उलटा, वरच्या बाजूला सरकत जातो. सूत्राने वेग येतो सेकंदाला २.२ मीटर, पाणी समोरून सेकंदाला अर्ध्या मीटरने येत असेल तर उरतो १.७, म्हणजे शंभर मीटरला साधारण एक मिनिट. फुगवटा मोठा असेल तर थोडा लवकर जातो, आणि तो "थोडा" का, ते शोधणं हा पुढचा अभ्यास. फक्त पाटकऱ्याला विचारून करा आणि लहान चारीवरच करा, कालव्यावर अजिबात नको.

किनाऱ्याजवळ काय होतं ते पण याच वेगातून निघतं. खोली कमी झाली की लाटेचं तोंड मंदावतं, मागचा भाग अजून वेगात असतो, लाट आखडते आणि उंच होते. उतार हळू असेल तर खोली सोळा पट घटल्यावर उंची दुप्पट, याला ग्रीनचा नियम म्हणतात. २००४ च्या त्सुनामीवरून भूकंपानंतर दोनेक तासांनी समुद्राची उंची मोजणारा जेसन-१ उपग्रह गेला तेव्हा भर समुद्रात लाट होती साठेक सेंटिमीटर, जहाजाला कळणारही नाही. किनाऱ्यावर तिने काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

त्या दिवसावरून एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण अजूनही मेसेज फिरतात की "आधी समुद्र मागे जातो, मग त्सुनामी येते". हे अर्धंच खरं आहे. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रतळ बाराशे-तेराशे किलोमीटर लांबीत फाटला, पश्चिमेकडचा भाग वर उचलला गेला आणि पूर्वेकडचा खाली बसला. म्हणून थायलंडकडे आधी पाणी ओसरलं, लोक उघड्या पडलेल्या तळावर शिंपले-मासे बघायला गेले. पण आपल्या तामिळनाडूकडे पहिलीच लाट चढती आली, ओसरण्याची खूण मिळालीच नाही. भूकंपानंतर दोन तासांच्या वर वेळ होता आणि सांगणारं कोणी नव्हतं, भारतात दहा हजारांहून जास्त माणसं गेली. समुद्र मागे गेलेला दिसला तर पळाच, पण तो मागे जायची वाट बघत थांबू नका, किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा लांबलेला भूकंप जाणवला तरी सरळ उंचावर जायचं. आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं पण नाही.

तर मॉडेलमध्ये पहिलं पाऊल हेच, भूकंपाची खोली, फाटलेल्या भागाची लांबी-रुंदी, तिरकेपणा, सरकण्याचं माप हे घालून तळ कुठे किती वर-खाली झाला ते काढायचं, त्यासाठी ओकाडा या जपानी शास्त्रज्ञाची १९८५ ची सूत्रं वापरतात. तळाबरोबर वरचं पाणीही तसंच उंचसखल होतं, मग ते पाणी समीकरणांच्या हाती देऊन पुढे ढकलायचं. शेवटी किनाऱ्यावर कोणती जागा ओली होते, किती पाणी चढतं ते.

पण खरं काम यातल्या कशातच नाही, ते तळाच्या नकाशात आहे, आणि हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीला मुंबईच्या बाजूचं एक मॉडेल केलं होतं, लाट भर समुद्रातून छान यायची आणि खाडीच्या तोंडाशी येऊन मरायची. तीन आठवडे मी घर्षणाचे आकडे बदलत बसलो. शेवटी एका सीनियर मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, हा चिखलाचा पट्टा कोरडा कसा? तेव्हा कळलं की नाविक चार्टवरची खोली मोजतात साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, आणि जमिनीची उंची मोजतात सरासरी समुद्रपातळीपासून, मुंबईला या दोघांत अडीच मीटरचा फरक आहे, आणि मी दोन्ही तसेच शिवून टाकले होते. अडीच मीटर पाणी मी मॉडेलमधून काढूनच घेतलं होतं. हाच आकडा कोणी लोकांना हलवायच्या नकाशात वापरला असता तर बुडणारी वस्ती सुरक्षित दिसली असती. तेव्हापासून कोणताही डेटा हातात आला की माझा पहिला प्रश्न, शून्य कुठलं?

घरच्यांना सांगायचं असेल तर हेही सांगा की आपल्या महाराष्ट्राला हे परकं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईतसुद्धा माणसं वाहून गेली. हिंदी महासागरात मोठ्या त्सुनामीच्या मुख्य जागा दोन, एक सुमात्रा-अंदमान आणि दुसरी हीच मकरान. आता हैदराबादला इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. भूकंप झाल्यावर तिथे पहिल्यापासून मॉडेल चालवत बसत नाहीत, हजारो शक्यता आधीच चालवून ठेवल्यात, भूकंपाची जागा आणि ताकद कळली की जुळणारी शक्यता काढतात, मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि बंदरातले भरतीमापक बघून खात्री करतात. मात्र २२ डिसेंबर २०१८ ला अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडाच समुद्रात कोसळून त्सुनामी आली, मोठा भूकंप झालाच नव्हता त्यामुळे इशारा मिळाला नाही. अशा ठिकाणी अजून खूप काम बाकी आहे, तुमच्यासारख्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं.

लॅपटॉप साधा चालेल. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाका आणि एका मितीतलं मॉडेल स्वतः लिहा, एका ओळीत पाण्याची उंची, दुसऱ्या ओळीत वेग, बस. मॉडेलमध्ये समुद्राचे सारखे तुकडे पाडतात, एक तुकडा म्हणजे एक घर, आणि एका वेळी जितके सेकंद पुढे जातो ते वेळेचं पाऊल. घर एक किलोमीटरचं आणि खोली ४००० मीटर असेल तर हे पाऊल पाच सेकंदांच्या आत ठेवा, कारण लाटेने एका पावलात एक घर ओलांडून जायला नको. मुद्दाम दहा करून बघा, थोड्याच पावलांत आकडे फुटतील, आणि ते एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. मग तळ हळूहळू ४००० वरून २५० मीटरवर आणा, उंची दुपटीच्या जवळ आली तर कोड बरोबर. त्यानंतर जेबको या समुद्रतळाच्या फुकट नकाशावरून अरबी समुद्र कापून घ्या आणि जिओक्लॉ हे त्सुनामीच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर चालवा, तेही फुकट आहे. मोठ्या घरांचं मॉडेल लॅपटॉपवर निघतं, एखाद्या बंदरातले धक्के दिसावेत एवढं बारीक करायला गेलात की मग मोठी मशीन लागते.

एमएस्सीसाठी कोचीन विद्यापीठाचं समुद्रविज्ञान बघा, पुढे आयआयटी मद्रासचा महासागर अभियांत्रिकी विभाग आहे, इन्कॉइसमध्येच ट्रेनिंग सेंटर पण आहे जिथे छोटे कोर्स होतात. पुण्याला आलात तर खडकवासल्याचं १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, परवानगी काढून जरूर बघा, बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यात लाटा सोडतात, लांबी शंभरपट लहान केली की वेळ दहापट लहान होते, कॉम्प्युटरवरचं कितीही केलं तरी ते बघण्याची मजा वेगळी.

आणि प्रोजेक्टचा विषय विचारणार असाल तर समुद्र घेऊच नका, तापी घ्या. हेक-रास हे नदीच्या पुराचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि हीच समीकरणं सोडवतं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की ते पाणी खाली तापीकाठच्या प्रकाशा गावाला किती तासांनी आणि किती पसरट होऊन पोचतं ते काढा, बातम्यांत विसर्गाचे आकडे येतातच, आणि मध्ये कुठे किती पाणी चढलं ते सांगायला काठावरची म्हातारी माणसं आहेत. घरच्यांना पण घेऊन जाता येईल.