हमी प्रेसची असते, काडतुसाची नव्हे : रिलोडिंगविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, तिच्यात नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), मोजलेली पावडर (बंदुकीची दारू) आणि नवी गोळी बसवायची, याला रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा घरच्या गॅरेजमध्ये चालणारा छंद आहे आणि त्यासाठी प्रेस (दांड्याने चालवायचे दाबयंत्र), डाय (त्यात बसवायचे साचे) व वजनकाटे बनवणाऱ्या कंपन्या ग्राहकसेवेसाठी नावाजलेल्या आहेत. हा लौकिक बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र इथल्या मराठी नेमबाजांच्या पत्रांतून एकच गैरसमज पुन्हा पुन्हा डोकावतो, तो असा की कंपनीने भाग फुकट पाठवला म्हणजे दोष सापडला. म्हणून या वेळी सगळी उत्तरे त्याच विषयावर देत आहे.

प्रश्न : एका निवृत्त गृहस्थांकडून जुनी प्रेस घेतली. ‘आजीवन हमी आहे, काळजी नको’ असे त्यांनी सांगितले. ती हमी माझ्याकडे येते का? (ह्यूस्टन)

कोणत्या कंपनीची प्रेस आहे हे आपण लिहिलेलेच नाही, आणि सारे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. ॲरिझोनातील डिलन प्रिसिजन घरगुती वापराच्या प्रेसना आयुष्यभराची हमी देते, पण व्यावसायिक उत्पादनासाठीच्या मोठ्या यंत्रांना ठरावीक मुदतीचीच. विस्कॉन्सिनमधील ली प्रिसिजनची हमी दोन वर्षांची आहे. त्यानंतर मात्र, सध्या उत्पादनात असलेले कोणतेही साधन कितीही झिजलेले असले तरी, चालू किमतीच्या निम्मी रक्कम भरून कारखान्यात पाठवल्यास ते नव्यासारखे करून मिळते, आणि माझ्या मते ही अट पुष्कळ ‘आजीवन’ हम्यांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. वजनकाटा, मोटार असे विजेवर चालणारे भाग बहुधा सगळीकडेच वेगळ्या आणि कमी मुदतीत मोडतात.

ऐकीव अनुभवही तारीख पाहून घ्यावा. १९४३ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली आरसीबीएस अनेक हातांतून गेली आणि २०२४ मध्ये ती हॉजडन या पावडर कंपनीने घेतली. एखाद्याला पंधरा वर्षांपूर्वी तिथून काय मिळाले यावरून आज आपल्याला काय मिळेल ते ठरत नाही. प्रेसवरचे मॉडेल आणि क्रमांक टिपून कंपनीला विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

जुनी प्रेस घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बहुतेक डाय ७/८ इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे अशा मापाच्या असतात, पण डिलनची ‘स्क्वेअर डील बी’ ही प्रेस स्वतःच्याच वेगळ्या डाय मागते. ती स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन आल्यावर जवळच्या डाय तिच्यात बसत नाहीत. हा कंपनीचा दोष नव्हे, तेव्हा तक्रारीचा फोन करू नये.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, दुसऱ्या कंपनीच्या डाय लावल्या तर प्रेसची हमी रद्द होते. खरे का? (न्यू जर्सी)

सामान्यतः नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याप्रमाणे, विशिष्ट कंपनीचाच भाग वापरण्याची सक्ती हमीच्या अटीत करता येत नाही, तो भाग कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. अपवादासाठी फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेची परवानगी लागते. मात्र परक्या डायमुळेच प्रेसचा काही भाग मोडला, तर ते नुकसान भरून देण्यास कंपनी नकार देऊ शकते. याच कायद्याखालील नियमांनुसार १५ डॉलरपेक्षा महाग वस्तूची लेखी हमी खरेदीपूर्वी वाचायला मिळाली पाहिजे. दुकानदाराला तो कागद मागावा. जो दुकानदार कागद न दाखवता महागडा संच गळ्यात मारतो, त्याच्याकडून निदान पावडर तरी घेऊ नये.

प्रश्न : खरेदीची पावती हरवली आहे. आता काही उपाय? (ॲटलांटा)

कंपनीला फोन करून मॉडेल सांगावे. पुष्कळदा पावती मागतच नाहीत.

प्रश्न : माझ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांड्याच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर एकाच वेळी काम करणारी प्रेस) ९ मिलिमीटरच्या काडतुसांत पावडर कधी कमी, कधी जास्त पडते. कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी काही न विचारता स्प्रिंग, स्क्रू, पावडर बार (पावडर मोजून सोडणारी सरकती पट्टी) असे भाग फुकट पाठवले. फारच चांगली माणसे आहेत! आता फरक कमी वाटतो. मागच्या रविवारी एका बाराचा आवाज ‘फुस्स’ असा आला, पण पुढचा बार ठीक गेला. आणखी कोणता भाग मागवू? (सिनसिनाटी)

कोणताही मागवू नये. आधी प्रेसचा दांडा खाली ठेवावा आणि पुढील मजकूर पूर्ण वाचावा.

‘फुस्स’ असा आवाज म्हणजे बहुधा पावडर अपुरी होती किंवा मुळीच नव्हती, आणि गोळी केवळ प्रायमरच्या जोरावर निघाली. अशा वेळी ती बॅरलमध्येच अडकू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर बॅरल फुगते किंवा फुटते. आपली बाहेर पडली, हे आपले नशीब. आवाज वेगळा आला की त्याच क्षणी थांबायचे, पिस्तूल सुरक्षित दिशेला धरायचे, रेंजवरील अधिकाऱ्याला सांगायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि बॅरल मोकळे आहे याची खात्री होईपर्यंत काहीही झाडायचे नाही. आपण लगेच पुढचा बार काढला आहे, तेव्हा बॅरलमध्ये कडीसारखा फुगवटा आला आहे का, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ते पिस्तूल पुन्हा वापरू नये.

आता पावडरच्या फरकाकडे येऊ. कंपनीने भाग फुकट पाठवला यात चांगुलपणा आहेच, पण हिशोबही आहे. अर्धा तास फोनवर बोलून कारण शोधण्यापेक्षा एक स्प्रिंग पाकिटात घालून पाठवणे कंपनीला स्वस्त पडते. फोन घेणाऱ्या मुलाने आपले बाक पाहिलेले नाही. दांडा आपण प्रत्येक वेळी शेवटपर्यंत दाबता की घाईत वरच्या वर सोडता, हे त्याला दिसत नाही. पावडरचा डबा भरलेला असताना आणि तळाला आलेला असताना माप वेगळे पडते का, हे त्याला ठाऊक नाही. नव्या प्लॅस्टिकच्या डब्यात कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होऊन दाणे भिंतीला चिकटतात. लांबट दाण्यांची पावडर मापाच्या तोंडाशी अडकते आणि एका पुंगळीत कमी, पुढच्या पुंगळीत जास्त पडते. यांपैकी काहीच नव्या स्प्रिंगने बरे होत नाही. डॉक्टरांनी नाडी न पाहता गोळी पोस्टाने पाठवावी, तसा हा प्रकार आहे.

त्यात फरक ‘कमी वाटतो’ असे आपण लिहिता. वाटतो म्हणजे काय? मोजला का? विजेवरचा वजनकाटा आधी थोडा वेळ चालू ठेवून स्थिर होऊ द्यावा, प्रमाण वजन ठेवून तो तपासावा, पंख्याचा किंवा एसीचा झोत त्यावर येत नाही आणि शेजारी मोबाइल नाही, हे पाहावे. मग सलग दहा मापे वेगवेगळी तोलून लिहून काढावीत. तो कागद हाती असेल तेव्हाच कंपनीला चौथा फोन करावा आणि साध्या चौकशीच्या माणसाऐवजी तांत्रिक विभागातील माणूस मागावा. आकडे समोर ठेवले की तीच कंपनी वेगळ्या गांभीर्याने बोलते, हा माझा अनुभव आहे. यंत्र पाठवून द्या असे तिने म्हटले तर पाठवावे. त्यात काही आठवडे गेले तर जाऊ द्यावेत. तोपर्यंत त्या यंत्रावर भरू नये आणि आधी भरलेले झाडूही नये. वाट पाहताना ‘तेवढी जुनी संपवून टाकू’ म्हणणारे लोक मला सर्वांत जास्त भीती घालतात.

आधी भरलेली काडतुसे तोलून चांगली-वाईट वेगळी काढता येतील असे आपल्याला कोणीतरी सांगेल. ते ऐकू नये. ९ मिलिमीटरच्या काडतुसात पावडर अवघी काही ग्रेन असते, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. पुंगळ्या आणि गोळ्या यांच्या स्वतःच्या वजनातच इतका फरक असू शकतो की पावडर कमी पडली तरी काट्यावर ती उघडी पडत नाही. उलट बाजूही आहे : दाट पावडर दुप्पट पडली तरी पुष्कळदा ती पुंगळीत न सांडता मावते, म्हणून गोळी बसवण्यापूर्वी चांगल्या दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावायलाच हवे. तेव्हा त्या दिवसांत भरलेली सगळी काडतुसे बाजूला काढावीत, डब्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी आणि ती उघडून पावडर काढण्याचे काम प्रमाणित प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावे. नॅशनल रायफल असोसिएशन रिलोडिंगचे प्रशिक्षक प्रमाणित करते. आपल्या रेंजवर चौकशी केल्यास असा कोणी सापडेल.

शेवटी हमीबद्दल. प्रेसची हमी प्रेसचा भाग बदलून देते. तिच्यावर भरलेल्या काडतुसाची जबाबदारी ती घेत नाही. पिस्तूल बनवणाऱ्या कंपन्यांची हमीपत्रे काढून पाहावीत : रिलोड केलेल्या काडतुसाने झालेले नुकसान भरून देणार नाही, असे त्यांतील बऱ्याच पत्रांत स्पष्ट छापलेले असते. म्हणजे काडतुसापाशी दोन्ही कंपन्या हात वर करतात. तिथे जबाबदार एकच, दांडा ओढणारा.

प्रश्न : प्रेस कंपनीने मला पावडरचे प्रमाण सांगायला नकार दिला. व्हिडिओवाले तर सर्रास सांगतात. ही कसली ग्राहकसेवा? (शार्लट)

चांगली ग्राहकसेवा. पावडरचे प्रमाण हे पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू छापील तक्त्यातून घ्यावे, कारण दाब मोजण्याची साधने आणि जबाबदारी त्यांच्याकडे असते. सुरुवात तक्त्यातल्या किमान प्रमाणापासून करावी. स्वतःच्या अंदाजाने त्याहून खालीही जाऊ नये, कारण काही पावडरी कमी भरणेसुद्धा धोक्याचे असते. आपली गोळी तक्त्यात नसेल तर त्या कंपनीच्या तांत्रिक विभागाला विचारावे. व्हिडिओ बंद करावा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने फोनवर सांगितले की घरगुती रिलोडिंगला परवाना लागत नाही. मग सुरुवात करू ना? (डॅलस)

थांबावे. प्रतिनिधीने सांगितले ते फेडरल कायद्यापुरते आणि सर्वसाधारण ग्राहकापुरते खरे आहे, पण त्याने आपला व्हिसा विचारला नव्हता. बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तींना बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास फेडरल कायदा सामान्यतः मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे थोडे अपवाद आहेत. शिवाय त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे केवळ तयार काडतूस नव्हे, तर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हेही त्यात मोडतात. चूक झाली तर ती ग्रीन कार्डाच्या वाटेत आडवी येईल. व्हिसाच्या वकिलाचा लेखी सल्ला मिळेपर्यंत प्रायमरचा डबासुद्धा घरात आणू नये.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेचे कांस्यपदक पाहून कोल्हापूरचा माझा भाचा .२२ रायफल शिकू लागला आहे. दिवाळीत येताना त्याच्यासाठी प्रेस बॅगेत घालून आणावी म्हणतो. कंपनीची हमी भारतात चालेल का? (सॅन होजे)

हमीचा प्रश्न फार पुढचा आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली कुसाळेंनी ज्या प्रकारात पदक मिळवले, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे ज्वालाग्राही मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि झाडताना तीच कड चेपते, त्यामुळे या प्रेसवर ते पुन्हा भरताच येत नाही. भाच्याला तिचा शून्य उपयोग आहे. दुसरे आणि महत्त्वाचे म्हणजे भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते आणि परवान्याशिवाय तिची आयात करता येत नाही. अमेरिकेचे निर्यातीचे नियम वेगळेच. विमानतळावर ‘हे तर नुसते लोखंड आहे’ असे सांगून चालणार नाही. भाच्याला काय हवे ते त्याच्या प्रशिक्षकांना विचारावे.

प्रश्न : महाराष्ट्र मंडळातील मित्रांना माझी काडतुसे भरून विकली तर? (शिकागो)

विक्रीसाठी काडतुसे बनवायला फेडरल परवाना लागतो. तो नसेल तर नाही. आणि राज्याचे नियम वकिलाला विचारावेत.

प्रश्न : पुंगळी साइझिंग डायमध्ये (पुंगळी मापात आणणाऱ्या साच्यात) घट्ट अडकून बसली. ओढताना तिची कडही तुटली. डाय कंपनीला पाठवावी का? (बॉस्टन)

पाठवावी. अडकलेली पुंगळी काढून देण्याचे काम बऱ्याच कंपन्या करतात. शुल्क आणि पत्ता आधी फोनवर विचारून घ्यावा. पाकिटात घालण्यापूर्वी त्या पुंगळीत न उडालेला प्रायमर नाही याची खात्री करावी. खात्री होत नसेल तर डाय घरीच ठेवून कंपनीला तसे सांगावे, आणि ठोकून, तापवून किंवा ड्रिल लावून प्रायमर काढण्याचा प्रयत्न करू नये. अमेरिकन टपाल खाते काडतूस, प्रायमर आणि पावडर स्वीकारत नाही, आणि ‘नमुन्यासाठी’ म्हणून भरलेले काडतूस सोबत ठेवणारे महाभाग असतात म्हणून हे मुद्दाम लिहितो. पावडर मेजर (पावडर मोजून टाकणारे साधन) पाठवायचा असेल तर तो पूर्ण रिकामा करून, ब्रशने झाडून पाठवावा. पुढच्या वेळी पुंगळीला वंगण नीट लावावे. अडकण्याचे कारण बहुधा तेवढेच असते.