उघड्या लाकडी मांडवाच्या खांबांना 30 सेंमी व्यासाचा, 60 सेंमी खोल काँक्रीटचा पाया पुरेल का?

तुमचा मांडव 4 बाय 4 मीटर, चार खांब, वर पत्रा, भिंत एकही नाही. नुसतं वजन पेलायचं असेल तर घट्ट जमिनीत हा पाया पुरून उरेल. पण असा मांडव खचत नाही, उडतो. वारा छपराखाली शिरतो आणि खांबासकट पाया उपटू बघतो.

हिशेब करून बघा. वाऱ्याचा वर उचलणारा जोर चौरस मीटरला 100 किलो धरू (वादळी भागात याहून बराच जास्त धरावा लागतो). 16 चौरस मीटरला 1600 किलो. छपराचं वजन 400 वजा केलं तर उरले 1200, म्हणजे खांबामागे 300. तुमच्या पायाचं वजन? काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो, म्हणजे जेमतेम 100 किलो. तोच पाया 45 सेंमी व्यासाचा आणि 1 मीटर खोल केला की 380 किलो भरतो. मातीची पकड मी हिशेबात धरत नाही, ती वरकमाई. खड्ड्यात पाणी लागत असेल तर मात्र बुडालेलं काँक्रीट 1400 च्याच हिशेबानं धरा.

उभ्या सळ्या आणि रिंगा टाकाच, कारण ओढ बसली की नुसतं काँक्रीट तडकतं. सळई मातीपासून 75 मिमी आत हवी.

खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. मी एकदा पुरला होता. काही वर्षांनी जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग अगदी शाबूत! पायाचा माथा जमिनीवर 15 सेंमी काढा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या आणि खांब लोखंडी पोस्ट-बेसवर (खांबाचं बूड धरणारी बैठक) उभा करा, बुडाखाली बोटभर फट ठेवून. हा बेस काँक्रीटला जखडणारे अँकर बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच बसवा.

फक्त, असा बेस खांबाला आडवं झुकण्यापासून रोखत नाही. म्हणून खांब आणि तुळईच्या कोनात दोन्ही दिशांना तिरपे टेकू हवेत. पत्र्यापासून बेसपर्यंतचे सांधेही त्याच 300 किलोंच्या ओढीला टिकायला हवेत, नाहीतर पाया जागेवर आणि छप्पर शेजाऱ्याकडे.

जमीन गोठणारी किंवा फुगणारी काळी असेल तर 1 मीटरवर थांबू नका, त्या थराच्या खाली जा.